फारसी शब्दांची जोडकामं: पज, नवीस, अंदाज, दार आणि मंडळी

रेघोट्या

तेहरानच्या स्वयंपाकघरात प्रेशर कुकरला ‘जूदपज’ म्हणतात. जूद म्हणजे लवकर आणि पज म्हणजे शिजव. भात शिजवायचं विजेचं भांडं ‘पोलोपज’, मंद आचेवर तासन्‌तास शिजवत बसणारं ‘आरामपज’. स्वयंपाकी तो ‘आशपज’, कारण तो आश नावाची दाट पेज शिजवतो. आणि उकडलेला बटाटा ‘आबपज’, म्हणजे पाण्यात शिजलेला. पज एकच, पण एकदा यंत्र, एकदा माणूस आणि एकदा चक्क शिजलेला पदार्थ.

फारसीत जोडशब्द कसे बनतात हे समजून घ्यायचं तर व्याकरणाच्या पुस्तकातल्या कोष्टकांपेक्षा या ‘पज’पासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. (उच्चार आजच्या तेहरानचे लिहितोय, म्हणून आपला दिल इथे ‘देल’ आणि गुल इथे ‘गोल’ दिसेल. ज कुठे ‘बाजार’मधला, कुठे ‘जीव’मधला, तेवढं समजून घ्या.)

फारसी क्रियापदाला दोन मुळं असतात. शिजवणे म्हणजे ‘पोख्तन’. त्याचं भूतकाळाचं मूळ ‘पोख्त’, वर्तमानाचं ‘पज’. शब्दकोशात ‘पोख्तन’ सापडतं, पण शब्द जोडताना कामाला येतं ते बहुतेक वेळा ‘पज’. शिकणारे नेमकं हेच मूळ पाठ करायचं टाळतात, कारण ते शब्दकोशातल्या रूपावरून सहज ओळखता येत नाही. नेवेश्तन (लिहिणे) चं नेवीस, फोरूख्तन (विकणे) चं फोरूश, अंदाख्तन (फेकणे) चं अंदाज, बाख्तन (खेळणे, पणाला लावून हरणे) चं बाज, दाश्तन (असणे, बाळगणे) चं दार, शोस्तन (धुणे) चं शू. ही जोडी एकत्र पाठ केली नाही तर पुढे प्रत्येक शब्द नव्यानं घोकावा लागतो.

आता ‘नेवीस’ घ्या. खोश + नेवीस म्हणजे सुलेखनकार. दास्तान-नेवीस म्हणजे कथाकार. बरनामे म्हणजे कार्यक्रम, प्रोग्राम, म्हणून ‘बरनामे-नेवीस’ म्हणजे प्रोग्रामर. इथवर सरळ आहे, लिहिणारा तो नेवीस. पण ‘जीरनेवीस’ (जीर म्हणजे खाली) हा खाली लिहिणारा माणूस नव्हे, ती सिनेमाची सबटायटल्स. ‘पानेवीस’ म्हणजे तळटीप. ‘दस्तनेवीस’ म्हणजे हस्तलिखित. ‘पीशनेवीस’ म्हणजे कच्चा मसुदा. आणि ‘खोदनेवीस’, स्वतः लिहिणारं, म्हणजे शाईचं पेन. कर्ता, कर्म, साधन सगळं एकाच उघड्या मुळावर, वर कसलाही प्रत्यय नाही. कोणता अर्थ घ्यायचा हे रूप सांगत नाही, रूढी सांगते.

‘अंदाज’ माझा विशेष लाडका. तीर-अंदाज म्हणजे तिरंदाज, हा आपल्याला माहीत आहे. ‘चेश्म-अंदाज’, जिथवर डोळा फेकला जातो ते, म्हणजे देखावा, आणि आता सरकारी कागदांत दूरदृष्टी-आराखडा. ‘पस-अंदाज’, मागे टाकलेलं, म्हणजे बचत. ‘दस्त-अंदाज’ म्हणजे रस्त्यातला उंचवटा किंवा खड्डा, गाडीला हिसका देणारा.

भूतकाळाचं मूळ अगदीच बेकार नसतं. सर + नेवेश्त, डोक्यावर लिहिलं गेलेलं, ते नशीब. (आपलं ललाटलेख.) सर + गोजश्त, डोक्यावरून गेलेलं, ती आपबीती. दस्त + पोख्त म्हणजे अमक्याच्या हातचा स्वयंपाक. भूतकाळाचं मूळ आलं की काहीतरी होऊन गेलेलं असतं, हा ढोबळ नियम बराच चालतो. दोन्ही मुळं ‘ओ’नं जोडली की वेगळीच मजा: गोफ्त-ओ-गू (बोलला आणि बोल) म्हणजे संभाषण, आपली गुफ्तगू. जोस्त-ओ-जू म्हणजे शोध. शोस्त-ओ-शू म्हणजे धुणंधाणं. दोन वेगळ्या क्रियापदांचीही जोडी जमते: दाद-ओ-सेतद, दिलं आणि घेतलं, म्हणजे व्यापार. आपली देवघेव.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कोणी सांगितली. फारसी वाक्यात विशेष्य आधी येतं आणि विशेषण किंवा संबंधी शब्द ‘ए’ लावून मागून येतो: ‘केताब-ए-मन’, माझं पुस्तक. पण जुन्या समासात क्रम उलटा, म्हणजे आपल्यासारखा. गोल + आब, फुलाचं पाणी, ‘गोलाब’. इराणात गोलाब म्हणजे गुलाबपाणी. काशानजवळच्या कमसरला वसंतात गुलाबपाणी काढायचा जो हंगाम चालतो तो ‘गोलाबगीरी’. आपण मात्र पाण्याचं नाव फुलाला दिलं. याउलट ‘आबलीमू’ (लिंबाचा रस), ‘आबमीवे’ (फळांचा रस), ‘आबगूश्त’ (मांसाचा रस्सा) यांत आब पुढे आहे. हे नवे शब्द, ‘आब-ए-लीमू’मधला ए झिजून जोडलेले. आब कुठे बसलाय यावरून शब्द कोणत्या साच्यातला ते कळतं.

या साच्यांवर बेतलेले मराठी शब्द कोणाकडे आहेत? नुसते फारसीतून आलेले नकोत, ते ढिगानं आहेत. साचा फारसी पण त्यात ओतलेला माल आपला, असे हवेत.


फळीवरचा_बारावा

गोलंदाज! आणि त्याच्या साच्यावर पाडलेला फलंदाज. तोफेचा गोळा टाकणारा आधी, चेंडू टाकणारा नंतर. फळीवाला बिचारा काहीच फेकत नाही, तरी त्याला ‘अंदाज’ चिकटलाच.


मोडीवाला

धागा आवडला. नेवीसबद्दल माझ्याकडून भर.

आपल्या दफ्तरांत ‘नवीस’ झिजून ‘नीस’ किंवा ‘णीस’ झाला. फडणीस म्हणजे फर्द (यादी, हिशेबाचा कागद) लिहिणारा. पारसनीस, फारसी पत्रव्यवहार लिहिणारा. वाकनीस, वाकिया म्हणजे घडलेल्या गोष्टी टिपून ठेवणारा. जमेनीस, कारखानीस यांत काय आहे ते उघडच आहे. तुम्ही मागितलेला नमुना म्हणजे चिटणीस: चिठ्ठी आपली, नवीस त्यांचा. आणि त्यावर आज प्रत्येक पक्षात असतो तो ‘सरचिटणीस’. सर फारसी, चिठ्ठी देशी, नीस पुन्हा फारसी. असा तीनमजली शब्द आपण रोज पेपरात वाचतो आणि अडखळत नाही.

गंमत अशी की शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी, 1674 साली, पदांची नावं संस्कृतात नेली. मुजुमदाराचा अमात्य झाला, वाकनिसाचा मंत्री, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. राज्यव्यवहारकोश रचून घेतला तोही त्याच हेतूनं. पण पेशवाईत पाहा, कारभार कोण चालवतंय? नाना फडणीस. पदनाम हुकमानं बदलता येतं. लिहिणाऱ्याला ‘नीस’ लावायची सवय दफ्तरात इतकी मुरली होती की ती गेली नाही.


उपपद

लेख चांगला आहे, पण यात फारसीचं असं वेगळं काय, हे मला कळलेलं नाही. केताबफोरूश आणि कुंभकार यांत फरक काय? दोन्ही उपपद तत्पुरुष. सियाहबख्त (काळ्या नशिबाचा), संगदेल (दगडी काळजाचा) हे बहुव्रीही. आब-ओ-हवा हा द्वंद्व, आपल्या हवापाण्यासारखा. पाणिनीची चौकट जशीच्या तशी बसते, आणि बसणारच, कारण घराणं एक. प्राचीन इराणी सम्राट दारयुशाचा शिलालेख जिथे आहे त्या बेहिस्तूनचं जुनं नाव बगस्तान: बग म्हणजे देव (आपला भग), स्तान म्हणजे स्थान. जुन्या इराणी नावांत विश्तास्प, जामास्प असतात, त्यातला ‘अस्प’ म्हणजे अश्व. जरथुश्त्रातला ‘उश्त्र’ म्हणजे उष्ट्र, उंट. तेव्हा फारसीचं कौतुक करण्याआधी घरचं व्याकरण उघडून पाहावं, ही नम्र सूचना.


रेघोट्या

उपपद, घराणं एक याबद्दल वाद नाही. पज आणि पच्, स्तान आणि स्थान, ‘हम’ आणि ‘सम’ ही भावंडंच. हमसाये म्हणजे शेजारी, एकाच सावलीतला. हमसर म्हणजे नवरा किंवा बायको.

पण कुंभकारात ‘कार’ हे नुसतं धातूचं मूळ नाही. कृ धातूला प्रत्यय लागून ते कर्त्याचं रूप झालंय. फारसीची जुनी शेपटं काळाच्या ओघात गळून पडली आणि उघडं मूळ उरलं. त्यामुळेच जूदपज यंत्र होऊ शकतं आणि आबपज बटाटा. संस्कृतात कुंभकार म्हणजे मडकं असा अर्थ कधी निघेल का? फारसीत तशी सोय आहे. ‘आसमान-खराश’ (आकाशाला ओरखडणारी) ही गगनचुंबी इमारत, इथे कर्ता. ‘दस्तनेवीस’मध्ये दस्त हे साधन आणि अख्खा शब्द कर्म. चौकट बसते, पण बसवताना दर वेळी मोडतोड करावी लागते.


शारजेकर

मी व्याकरणवाला नाही. कामावर बरेच इराणी सहकारी आहेत, त्यांच्याकडून कानावर पडलेलं सांगतो.

बॉलपेन म्हणजे ‘खोदकार’, स्वतः काम करणारं. गाडीच्या काचेवरचे वायपर म्हणजे ‘बर्फ-पाक-कोन’: बर्फ-साफ-कर. आमच्या इथे आयुष्यात बर्फ पडला नाही, तरी वायपरचं नाव तेच. ‘दर-बाज-कोन’, झाकण-उघड-कर, म्हणजे ओपनर. खोडरबर नुसतं ‘पाककोन’. ही तर आख्खी वाक्यंच आहेत, समास कसले! अग्निशमन दलाचा जवान ‘आतश-नेशान’, आगीला खाली बसवणारा. वाहतूक तुंबली की ‘राहबंदान’.

प्राणी तर विचारू नका. कासव ‘लाकपोश्त’ (कवचपाठ्या) किंवा ‘संगपोश्त’ (दगडपाठ्या), साळिंदरासारखा काटेरी जीव ‘खारपोश्त’. ससा ‘खरगूश’, गाढवाच्या कानांचा. सरडा, म्हणजे रंग बदलणारा शॅमेलिऑन, ‘आफताब-परस्त’, सूर्यपूजक. शहामृग ‘शोतोरमोर्ग’, उंटपक्षी. आणि धड हे नाही धड ते नाही अशा कारभाराला म्हणतात ‘शोतोर-गाव-पलंग’, उंट-गाय-बिबट्या. हा मुळात जिराफाचा जुना शब्द. आमच्या कंपनीतल्या एका प्रकल्पाचं नाव आता तेच पडलंय.

खाण्याचे दोन शब्द सांभाळून वापरा. ‘जमीन खोर्दन’ म्हणजे पडणे, शब्दशः जमीन खाणे. पण ‘जमीनखार’ म्हणजे जमिनी लाटणारा. एक माती खातो, दुसरा प्लॉट खातो. आणि शिवी हवीच असेल तर ‘मोर्देशूर’: मढं धुणारा. ‘मोर्देशूरेत बेबरे’, तुला मढं धुणारा नेवो.


सोनचाफा७२

मेल्या, तुझा मुडदा बशिवला तो! मुडदासुद्धा तिकडूनच आलाय म्हणजे शिवीचं अर्धं सामान सारखंच.


कोरडा_विहीर

माफ करा, पण हे सगळं कौतुक कशासाठी? तीनशे वर्षं फारसीनं मराठीची गळचेपी केली. सावरकरांनी, माधव जूलियनांनी जो कचरा साफ करायचा प्रयत्न केला तो आपण पुन्हा गोळा करून मिरवतोय. ‘साचे’ म्हणे. मराठीला स्वतःचे साचे नाहीत का?


मोडीवाला

साहेब, माधव जूलियनांचं नाव घेतलंत म्हणून. ते फारसीचे प्राध्यापक होते आणि फारसी-मराठी कोश त्यांनीच 1925 साली केला. पुढे ते भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले हे खरं, पण कोश आधी. काय काढायचं हे ठरवणाऱ्याला काय आत आलंय याची पक्की नोंद होती.

आणि दुसरं. नेमकं त्याच सुमारास इराणात फारसीतून अरबी शब्द काढायची मोहीम चालू होती. 1935 साली तेहरानमध्ये फरहंगेस्तान म्हणजे भाषा-अकादमी निघाली. तिच्या काळात ‘बलदिये’ या अरबी शब्दाऐवजी नगरपालिकेला ‘शहरदारी’ आलं, न्यायखात्याच्या ‘अदलिये’ऐवजी ‘दादगोस्तरी’ (दाद म्हणजे न्याय, गोस्तर म्हणजे पसरव). अरबी ‘तय्यारे’ला हटवून विमानाला ‘हवापेयमा’, हवेतून वाट कापणारं. विमानतळाला ‘फोरूदगाह’, खाली उतरायची जागा. शहरदारीचा प्रमुख तो शहरदार. इकडे सावरकरांनी मेयरला शब्द दिला महापौर. दोन्हीकडे तोच ध्यास, दोन्हीकडे जुन्या घरातून काढलेले समास. फक्त आपल्याकडे जी हद्दपार होत होती तीच भाषा तिकडे घरमालकीण होती.


रेघोट्या

मोडीवाला, हे जोडून पाहायलाच हवं होतं. त्यात एक मुद्दा माझा. अकादमीचे जे शब्द टिकले ते बहुतेक चालू मुळांवरचे आहेत: दार, गोस्तर, पेयमा. लोकांना ते फोडून वाचता आले. ‘दानेशगाह’ (ज्ञानाची जागा) म्हणजे विद्यापीठ हे आज कोणाला बनावट वाटत नाही. त्यातून विद्यार्थ्यांचीही सुबक वाटणी झाली. शाळेत ज्ञान शिकतो तो ‘दानेश-आमूज’, विद्यापीठात ज्ञान शोधतो तो ‘दानेशजू’. मराठीत पहिलीतला आणि पीएचडीचा दोघेही विद्यार्थीच.

न टिकलेल्यांची थट्टाही भरपूर होते. पिझ्झाला म्हणे अकादमीनं ‘केशलोकमे’, ताणला जाणारा घास, असा शब्द दिला. अकादमीनं हे नाकारलंय, तो लोकांनीच तिच्या माथी मारलेला विनोद आहे. पण विनोद करणाऱ्यालाही साचा बरोबर पाडता आला, हे बघा.


बाकरवडी_बाणेर

एक शंका. पाणीदार, धारदार, चवदार, रुबाबदार यांना समास म्हणायचं की प्रत्यय? शाळेत मुलीच्या व्याकरणाच्या वहीत ‘दार’ हा फारसी प्रत्यय म्हणून लिहिलंय. तुम्ही म्हणता ते क्रियापदाचं मूळ.


उपपद

मराठीत प्रत्ययच. ‘दार’ या मराठी शब्दाचा अर्थ दरवाजा आणि त्याचा इथे काही संबंध नाही. एकटा उभा राहू शकत नाही तो प्रत्यय.


रेघोट्या

इथे उपपदांशी सहमत, पण फक्त मराठीपुरता. तेहरानमध्ये ‘दारम’ म्हणजे ‘माझ्याकडे आहे’, हे दिवसातून शंभरदा बोललं जातं. त्यामुळे ‘खानेदार’ (गृहिणी), ‘बच्चेदार’ (मूल असलेली), ‘खंदेदार’ (हसू येण्याजोगा), ‘जंबूरदार’ (मधमाश्या पाळणारा) यांतलं क्रियापद ऐकणाऱ्याला जिवंत ऐकू येतं. वेशीच्या या बाजूला आल्यावर क्रियापद मेलं आणि शेपूट उरली. ‘खाना’चंही तसंच. तिथे खाने म्हणजे घर, एकटा शब्द. आपल्याकडे दवाखाना, छापखाना, हत्तीखाना आहेत, पण ‘मी खान्यात राहतो’ असं कोणी म्हणत नाही. नामाही तसाच: तिथे ‘नामे’ म्हणजे पत्र, म्हणून वर्तमानपत्र ‘रूजनामे’ (दिवसाचं पत्र), पासपोर्ट ‘गोजरनामे’ (जाण्याचं पत्र), प्रबंध ‘पायाननामे’ (शेवटाचं पत्र). आपण पत्र विसरलो आणि पंचनामा केला.

मुलीला वहीत प्रत्ययच लिहू दे. मार्क महत्त्वाचे.

‘दान’पाशी मात्र सावध. फारसीत दोन दान आहेत. ‘नमकदान’, ‘कलमदान’मधला दान म्हणजे भांडं, तो तिथेही प्रत्ययच. आपली पिकदाणी, अत्तरदाणी, मच्छरदाणी त्याच्याच लेकी. पण ‘रियाजीदान’ (गणितज्ञ), ‘कद्रदान’मधला दान हे दानेस्तन (जाणणे) चं मूळ. कदरदान म्हणजे कदर ठेवायचा डबा नव्हे.


कळफलक

तांत्रिक भर. हे जोडशब्द फारसीत लिहायचे कसे यावर तिकडे जोरदार भांडणं चालतात. एकत्र, तोडून, की ‘नीम-फासेले’ म्हणजे अर्धी जागा सोडून? अक्षरं एकमेकांना जोडली जाऊ नयेत पण शब्द एकच राहावा, यासाठी एक न दिसणारं चिन्ह टाकतात. दानेशगाह सलग, दानेश-आमूज अर्ध्या जागेनं. घाईत टाइप करणारे सरळ मोठी जागा सोडतात आणि मग शोधयंत्राला एका शब्दाचे दोन दिसतात. तेच अदृश्य चिन्ह देवनागरीतही लागतं, पाय मोडलेलं अक्षर पुढच्याला चिकटू नये म्हणून. वर ‘तासन्‌तास’मध्ये वापरलंय बहुधा.


सोनचाफा७२

शेवटची शंका. इराणी मैत्रिणीनं तिच्या सासऱ्यांची ओळख ‘पेदर-शोहर’ अशी करून दिली. पेदर वडील, शोहर नवरा. तुमच्या नियमानं ‘पेदर-ए-शोहर’ हवं ना? तिनं ‘ए’ खाल्ला की मलाच ऐकू आला नाही?


रेघोट्या

तिनंच खाल्ला आणि बरोबर खाल्ला. नात्यांत हे सर्रास होतं: पेदरजन (बायकोचे वडील), मादरशोहर (नवऱ्याची आई), पेसरखाले (मावसभाऊ), दोख्तर-अमू (चुलतबहीण). ‘ए’ गेला की दोन शब्दांचा एक झाला. ओळखायची खूण अनेकवचनात मिळते. ‘पेदरहा-ये...’ असं मध्ये न लावता ‘हा’ शेवटी लावतात: पेसरखाले-हा, मावसभाऊ मंडळी. आघातही अख्ख्या शब्दाच्या शेवटी येतो. मैत्रिणीला दोन्ही प्रकार सावकाश म्हणायला सांगा, फरक कानाला लगेच कळेल.